मानसशास्त्र घेतलं खरं, पण मन अजून भेटलंच नाही

सिन्नरची_सई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकला एफवायबीएला आहे, सिन्नरहून रोज एसटीने येते. बारावी सायन्स करून आर्ट्सला आले ती केवळ मानसशास्त्रासाठी. घरी चिकार वाद झाले. पप्पा म्हणत होते बीएस्सी अॅग्री कर, आई म्हणत होती निदान डी. फार्म तरी. माणसं अशी का वागतात हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून मी हट्ट सोडला नाही.

आता पहिली सेमिस्टर संपत आली. पदरात काय पडलं? वुंटने १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. पाव्हलॉव्हचा कुत्रा. स्किनरचे उंदीर नि कबुतरं. न्यूरॉनची आकृती, जी बारावीच्या बायोलॉजीत काढून झालीच होती. आणि मध्यमान, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन. वर्गातल्या मुली म्हणतात, पुढे 'अॅबनॉर्मल'चा, म्हणजे मनोविकारांचा, पेपर आला की मजा आहे, तोवर ढकलायचं.

ज्यांनी हा विषय केलाय त्यांनी खरं सांगा. सुरुवातीला असंच असतं का? की मी भलत्याच वर्गात येऊन बसलेय?

तर्रीबाज
मी पयला! बरं, आता सांग, माझ्या मनात काय चाललंय?

सिन्नरची_सई
@तर्रीबाज, दादा, हा प्रश्न मला एसटीच्या कंडक्टरपासून मावशीच्या विहिणीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. तुमचं आयडी बघता उत्तर 'मिसळ'.

तर्रीबाज
अचूक!! आणि म्हणे काही शिकवत नाहीत.

मेधा_इंदिरानगर
सई, स्वागत. मी मानसशास्त्रात बीए, एमए केलं, आता शाळेत समुपदेशक आहे. सुरुवातीला असंच असतं, आणि ते तसंच असायला हवं असं माझं मत आहे.

आपण सगळे लहानपणापासून स्वतःला माणसं ओळखण्यातले तज्ज्ञ समजतो. 'मी चेहरा बघून सांगतो' म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. पहिलं वर्ष त्या काकाला गप्प करायला असतं. कुत्रा नि उंदीर का? कारण पाव्हलॉव्हला कुत्र्याच्या लाळेचे थेंब मोजता येत होते. तो मुळात पचनावर काम करणारा माणूस, १९०४ चं नोबेलही त्याला पचनसंस्थेच्या कामासाठीच मिळालं. खाणं तोंडात पडायच्या आधीच कुत्र्याला लाळ सुटते हे त्याच्या मोजणीत येत राहिलं. दुसऱ्या कुणी ती कटकट म्हणून सोडून दिली असती, हा तिच्याच मागे लागला.

मन कुठे आहे विचारतेस ना? एकदा सुई टोचली की पुढे दवाखान्याच्या नुसत्या वासाने छातीत धडधडतं, तिथे आहे. ते कुत्र्याचंच प्रकरण आहे.

प्रॅक्टिकल सुरू झाली की बघ. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते म्हणून, घरचीच माणसं पकडून आणावी लागतात. निरर्थक अक्षरांची यादी पाठ करायच्या प्रयोगासाठी मी आजीला बसवलं होतं. मूळ प्रयोग एबिंगहाउसचा, १८८५ चा. त्याचा प्रयुक्त तो एकटाच. स्वतःच पाठ करायचं, स्वतःच विसरायचं आणि किती विसरलो ते मोजायचं. अक्षरं निरर्थक अशासाठी की अर्थाचा आधार मिळता कामा नये. आजीने पहिल्या फेरीतच त्या अक्षरांना चाल लावली, दोन-तीन ठिकाणी शेजारणींची नावं घुसवली आणि जात्यावर बसल्यासारखी सगळी यादी म्हणून दाखवली. माझ्या आलेखाचा पार बट्ट्याबोळ. मॅडम मात्र खूश! म्हणाल्या, आकडे आहेत तसेच लिही, आणि आजींनी काय केलं ते चर्चेत लिही.

कांदेनवमी
आजीला साष्टांग नमस्कार __/\__

द्राक्षबाग
आमी काय मानसशास्त्रवाले नाही, निफाडकडे बाग आहे. पण ते प्रमाण विचलन का काय, ते पोरांना कुणी नीट सांगत नाही बघा. माझा पुतण्यापण त्यातच अडकला होता.

दोन घड घे. दोन्हीची सरासरी काढली तर मणी १७ मिलिमीटर. एका घडात सगळे मणी १६ ते १८ च्या आत. दुसऱ्यात १३ चे पण आहेत नि २१ चे पण. सरासरी तीच, पण एक्स्पोर्टवाला दुसऱ्या घडाला हात लावत नाही. मणी सरासरीपासून किती इकडेतिकडे पळतात, त्याचाच तो आकडा. आमचा सगळा हंगाम त्याच्यावर जातो भो, नि तुमी म्हणता गणित कशाला!

सिन्नरची_सई
@द्राक्षबाग काका, खरं सांगते, सरांनी दोन तास फळ्यावर जे केलं ते तुम्ही दोन घडांत केलं. वहीत लिहून घेतलं.

निवृत्त_मास्तर
चर्चा उत्तम. मात्र एक खंत नोंदवतो. आमच्या काळीही आणि आजही या विषयाचा प्रारंभ लाइपझिगपासूनच होतो. ज्या गावात समर्थांनी टाकळीला तप केले, मनाला उद्देशून इतके लिहिले, त्याच गावातल्या मुलांना मन जर्मनीतून आयात करावे लागते. योगदर्शनात चित्तवृत्तींचा केवढा सूक्ष्म विचार आहे! तो पहिल्या धड्यात का नसावा?

लंबक
@मास्तर, असावा, पण वेगळ्या कारणासाठी. समर्थ मनाला उपदेश करतात: असं वाग, तसं वागू नकोस. वुंट विचारतो की घंटा वाजल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला. दोन्ही मोलाचं, पण एकाच परीक्षेत दोघांना बसवता येत नाही.

आणि आयातच म्हणायची तर तीही जुनी आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग खुद्द वुंटचा विद्यार्थी. म्हणजे लाइपझिग ते कलकत्ता मध्ये एकच माणूस. हे मात्र पहिल्या धड्यात खरंच असायला हवं.

निवृत्त_मास्तर
@लंबक, माहितीबद्दल आभार. उपदेश व प्रयोग हा भेद मान्य. तथापि स्वतःच्या मनाचे वर्षानुवर्षे केलेले निरीक्षण हाही प्रयोगच नव्हे काय? आपले ते एबिंगहाउस तरी दुसरे काय करीत होते?

लंबक
हा मुद्दा बरोबर लागला, मास्तर. फरक एवढाच की एबिंगहाउसने आकडे मांडून ठेवले, त्यामुळे 'तू चुकतोयस' असं दुसऱ्याला म्हणता येतं. तसं कुणाला म्हणता येत नसेल तर अवघड आहे.

परदेशातलं सगळं इथे लागू पडतंच असं नाही, इथपर्यंत मी तुमच्या बाजूचा. सई, तुला म्युलर-लायर भ्रम येईल: सारख्या लांबीच्या दोन रेघा, टोकांना बाण, एकीचे आत वळलेले, दुसरीचे बाहेर. एक लांब वाटते. हे १८८९ चं चित्र. पुढे सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी जगभरच्या निरनिराळ्या समाजांत ते दाखवून १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. काही समाजांतल्या लोकांना हा भ्रम अगदी थोडा होत होता. त्यांचा अंदाज असा की चौकोनी खोल्या, काटकोनी कोपरे यांत वाढलेल्या डोळ्यांना तो जास्त होतो. त्या कारणावर अजून वाद आहे. पण 'माणसाला असं दिसतं' असं पुस्तकात लिहिलेलं असलं की 'कुठल्या माणसाला?' हे विचारायला शिकवणारं हे चित्र आहे.

एचआर_सातपूर
इतकी थिअरी कशाला? कंपनीत आम्ही १६ व्यक्तिमत्त्व प्रकारांची टेस्ट घेतो. अर्ध्या तासात माणूस कळतो. मी स्वतः त्यातला आयएनटीजे. मानसशास्त्राचा व्यवहारात उपयोग म्हणाल तर हाच.

लंबक
घ्या.

कांदेनवमी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मेधा_इंदिरानगर
@एचआर_सातपूर, सर, राग मानू नका. ती चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी स्विस मनोविकारतज्ज्ञ युंगच्या कल्पनांवरून तयार केली. दोघींपैकी कुणाचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. ते एक वेळ सोडा. खरी अडचण अशी की तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. वजनकाट्याला आपण इतकी सूट देत नाही. माणसं बहुतेक गुणांत मधोमध असतात, आणि तिथेच रेघ मारून 'हा अंतर्मुख, तो बहिर्मुख' केलं की रेघेच्या अलीकडचा माणूस उद्या पलीकडे जाणारच. संशोधनात हल्ली पाच घटकांचं प्रारूप वापरतात, त्यात खोके नसतात, मोजपट्ट्या असतात. गप्पा रंगवायला १६ प्रकार छान. त्यावर कुणाला नोकरी देऊ नका, कुणाची नाकारू नका.

एचआर_सातपूर
मॅडम, आमच्याकडे निकाल चांगले येतात. पुस्तकं वेगळी, शॉपफ्लोअर वेगळा.

द्राक्षबाग
ज्यांना घेतलं नाही ते कसे निघाले असते ते कसं कळलं तुमाला?

तर्रीबाज
काकांना पीएचडी द्या रे कुणीतरी.

एचआर_सातपूर
हं. मुद्दा आहे. विचार करतो.

पंचवटीची_लेक
जरा अवांतर. माझं वय ४१, दोन्ही मुलं शाळेत जातात. मला बीए मानसशास्त्र करायचं आहे, पण रोज कॉलेजला जाणं जमणार नाही. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, तर बाहेरून करता येईल ना? एका क्लासवाल्यांनी 'घरबसल्या सायकॉलॉजिस्ट व्हा' म्हणून मोठी फी सांगितली आहे.

मेधा_इंदिरानगर
@पंचवटीची_लेक, ताई, आधी फी भरू नका. यूजीसीने २०२५ मध्ये निर्णय घेतला की आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत, आणि त्यात मानसशास्त्र आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद. हा निर्णय देशभराचा आहे, फक्त आपल्या मुक्त विद्यापीठाचा नाही. बीएला दुसरे विषय घेऊन तुम्ही बाहेरून जरूर शिकू शकता.

'घरबसल्या सायकॉलॉजिस्ट'बद्दल सरळ सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. त्यासाठी त्यांनी मान्य केलेलाच अभ्यासक्रम हवा. आतापर्यंत तो रस्ता एमएनंतर एम.फिल.चा होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद होत असल्याने नियम बदलताहेत, तेव्हा थेट परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, क्लासवाल्याच्या माहितीपत्रकात नको. औषधं लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, ते एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. नुसत्या बीएवर कुणालाही उपचार करता येत नाहीत. सई, तूही हे आत्ताच वाचून ठेव.

पंचवटीची_लेक
मनापासून आभार ताई. उद्याच पहिला हप्ता द्यायचा होता. तूर्त सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, नाव घालते नि वाचायला सुरुवात करते.

गंगापूररोडी
सईच्या वयाचा असताना मीही हा विषय घेतला आणि नंतर सोडला. मला उलटी तक्रार आहे. गोष्टी फार छान सांगितल्या जातात आणि त्यातल्या अर्ध्या डळमळीत निघतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातला लुटुपुटीचा तुरुंग, १९७१: विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि सहा दिवसांत ते क्रूर झाले, असं शिकलो. मग २०१८ च्या सुमारास समोर आलं की पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं गेलं होतं. न्यूयॉर्कची किटी जेनोव्हीज, १९६४: तिचा खून होताना ३८ जण बघत राहिले, कुणी मदत केली नाही, अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली. पुढे त्याच वर्तमानपत्राने मान्य केलं की बातमी फुगवलेली होती. २०१५ मध्ये १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला. मग आम्ही पाठ काय केलं? चांदोबा?

लंबक
ते १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच. आपल्याच घरातला कचरा आकड्यांसकट चौकात मांडणारे विषय फार नाहीत.

गंगापूररोडी
मान्य. पण मग वर्गात गोष्ट सांगताना तिचं पुढे काय झालं तेही सांगा. आमच्या सरांनी कधीच सांगितलं नाही, आणि मी सोडलं ते त्याच रागात.

मेधा_इंदिरानगर
@गंगापूररोडी यांच्याशी १०० टक्के सहमत. मी दोन्ही सांगते, आणि मुलांना दुसरी गोष्टच जास्त आवडते. शिवाय सगळंच कोसळलेलं नाही. एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख २०१५ मध्ये पुन्हा केला गेला नि बराचसा तसाच आला. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग तर आत्ता घरी करा: 'लाल' हा शब्द निळ्या पेनाने लिहा आणि पटकन शाईचा रंग सांगा, जीभ अडखळतेच.

कांदेनवमी
केला. नवऱ्यावर केला. आता तो माझ्याशी बोलत नाहीये.

ध्वजारोहण
सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते खोदून ठेवलेत आणि इथे कुणी गर्दीबद्दल बोलत नाही म्हणजे कमाल आहे. मी बंदोबस्ताच्या कामात असतो, एवढंच सांगतो. गर्दी म्हणजे माणसाचं डोकं बंद, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. मानसशास्त्र काय म्हणतं?

लंबक
@ध्वजारोहण, ते फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँचं १८९५ चं मत. पोलिसी प्रशिक्षणात अजून जिवंत आहे. त्याला मोठा शह दिला तो आपल्याकडच्याच अभ्यासाने. अलाहाबादच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या, म्हणजे नदीकाठी व्रताने राहणाऱ्या, यात्रेकरूंच्या मुलाखती मेळ्याआधी त्यांच्या गावी आणि मेळ्यानंतर अशा दोन्ही वेळा घेतल्या, आणि मेळ्याला न गेलेल्यांशी तुलना केली. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांचं हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. कडाक्याची थंडी, लाउडस्पीकरचा कल्लोळ, धड सोयी नाहीत, आणि तरी गेलेल्यांना आपली तब्येत आधीपेक्षा बरी वाटत होती. शेजारचा माणूस 'आपल्यातला' वाटला की गर्दीतही आधार वाटतो, असा त्यांचा रोख आहे.

चेंगराचेंगरीतही लोक 'वेडे होऊन' मरत नाहीत. जागा नसते, मागून येणारा लोंढा थांबत नाही आणि पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही. डोक्यांपेक्षा रस्त्याची रुंदी आधी बघायला हवी.

ध्वजारोहण
शेवटचा परिच्छेद शंभर नंबरी. २००३ ला सरदार चौकाजवळच्या गल्लीत तेच झालं होतं. हे आमच्या साहेबांना दाखवतो.

निवृत्त_मास्तर
लंबकराव, माझी खंत पुष्कळ अंशी दूर झाली. गोदेकाठच्या मुलांनी हा धडा पहिल्याच वर्षी वाचावा.

सिन्नरची_सई
सगळ्यांना धन्यवाद. एक व्यावहारिक प्रश्न राहिला. पुस्तक जाडजूड, इंग्रजीत. तीन-तीनदा वाचते, अंडरलाइन करते, आणि पेपरात डोकं रिकामं.

मेधा_इंदिरानगर
याचं उत्तर तुझ्याच अभ्यासक्रमात आहे, स्मृतीच्या प्रकरणात. रोडिगर आणि कार्पिकी, २००६. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असा भास होतो. तुझा एसटीचा प्रवास आहे ना? मोहदरी घाटापर्यंत पुस्तक उघडं, पुढे बंद. आणि उत्तरं मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीत लिही, त्यात कमीपणा काही नाही.

सिन्नरची_सई
उद्यापासून. आणि हो, विषय सोडत नाहीये. उंदरांबद्दलची तक्रारही तूर्त मागे.

आता तुम्हालाच कामाला लावते. ट्यूटोरियलसाठी छोटी प्रश्नावली करायची आहे, विषय सिंहस्थ. पहिला प्रश्न असा केलाय: 'सिंहस्थातल्या प्रचंड गर्दीचा तुम्हाला किती त्रास होतो? खूप / बराच / थोडा.' उत्तरं द्या प्लीज.

लंबक
त्रास होत नाही हा पर्यायच नाही?

मेधा_इंदिरानगर
आणि 'प्रचंड' नि 'त्रास' आधीच लिहून मोकळी झालीस. लॉफ्टस आणि पामर, १९७४: एकाच अपघाताची फिल्म दाखवून गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर लोकांनी कमी सांगितला, 'एकमेकींवर आदळून चुराडा झाला' म्हटलं तर जास्त. आठवड्याने विचारलं फुटलेल्या काचा दिसल्या का, तर दुसऱ्या गटात 'हो' म्हणणारे दुपटीहून जास्त. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच.

द्राक्षबाग
आणि विचारणार कुणाला? हितल्या लोकांना फक्त? घाटावरच्या दुकानदाराला पण विचार, वर्षाची कमाई राहते त्याची.

सिन्नरची_सई
बाप रे. बरं, दुरुस्त केला: 'मागच्या सिंहस्थात तुम्ही नाशिकमध्ये होता का? असल्यास तो काळ तुम्हाला कसा गेला? अतिशय वाईट / वाईट / ना चांगला ना वाईट / चांगला / अतिशय चांगला.' दुकानदारांसाठी रविवारी पंचवटीत जातेय.

पंचवटीची_लेक
होते. चांगला. रविवारी ये, चार दुकानदार मी ओळखीचे देते, पण मग लंबक म्हणतील सगळे एकाच गल्लीतले घेतले.

लंबक
म्हणणारच.

तर्रीबाज
होतो. अतिशय चांगला. तीन दिवस रस्ते बंद, ऑफिस बंद, आणि गल्लीतली मिसळ चालू.